गरोदरपणात कंबर आणि जांघ दुखते तेव्हा: जागा ओळखा, मग उपाय करा

कटिबंध

"दिवस गेलेत म्हटल्यावर कंबर दुखायचीच" एवढं बोलून घरोघरी हा विषय मिटवला जातो. दवाखान्यातही रांग मोठी असते, मग कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागतं. फिजिओथेरपीकडे येईपर्यंत बाई पलंगावर कूस बदलतानाही कळवळत असते. हे टाळता येण्यासारखं असतं, म्हणून हा धागा. इथे डॉक्टर, नर्स, योगशिक्षक असे जाणकार बरेच आहेत, त्यांनी भर घालावी.

सुरुवात जागेपासून करू, कारण एका जागेचं औषध दुसऱ्या जागेला बाधतं. बोट ठेवून नेमकं कुठे दुखतं ते दाखवायचं.

बोट बरगड्यांच्या खाली, पाठीच्या मधोमध, साडीच्या निऱ्या खोचतो त्या रेषेच्या मागे किंवा थोडं वर गेलं, तर ती नेहमीची कंबरदुखी. फार वेळ उभं राहून, वाकून, पोक काढून बसून ती वाढते. थोडं आडवं झालं की उतरते.

बोट त्याच्या खाली, कमरेला मागे दोन खळ्या दिसतात तिथे किंवा कुल्ल्याच्या आत गेलं, तर दुखणं एसआय सांध्याचं, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड कमरेच्या हाडाला जिथे जुळतं तिथलं. पुढे, जांघेच्या मधोमध, ओटीपोटाच्या अगदी तळाशी हाडावर दुखत असेल तर प्युबिक सिम्फिसिसचं. हे दोन्ही मिळून पेल्विक गर्डल पेन. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला ते होतं. ते ओळखायची खूण म्हणजे एका पायावर भार आला की कळ येते: जिना चढताना, सलवार घालताना, गाडीत पाय टाकताना, कूस बदलताना. जांघेतून कधी कट्कन आवाजही येतो.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. मिनिटभर उताणं झोपा, पाय सरळ, टाचांमध्ये वीतभर अंतर. गुडघा न वाकवता एक पाय गादीपासून साधारण २० सेंमी, म्हणजे वीतभरच, उचला. मग दुसरा. एखादा पाय शिसं भरल्यासारखा जड वाटतो का, किंवा उचलताना कळ येते का पाहा. आता घरातल्या कुणाला तरी दोन्ही खुब्यांच्या बाजूंनी तळव्यांनी कंबर आत दाबून धरायला सांगा आणि तोच पाय पुन्हा उचला. या दाबाने पाय हलका झाला, तर स्नायूंकडून सांध्याला मिळणारा आधार अपुरा पडतोय असं समजायचं. अशा बाईला पट्ट्याचा आणि व्यायामाचा गुण सहसा चांगला येतो.

कारणांबद्दल थोडं. रिलॅक्सिन या संप्रेरकाने सांध्यांचे बंध सैलावतात हे खरं, पण ते रक्तात सर्वांत जास्त असतं पहिल्या तीन महिन्यांत आणि दुखणं बहुधा पुढे वाढतं, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. बंध सैल झाले की हाडं जागेवर धरून ठेवायचं काम पोटाच्या, कुल्ल्याच्या आणि ओटीच्या तळाच्या स्नायूंवर येतं. नेमके त्याच वेळी पोटाचे स्नायू ताणले गेलेले असतात आणि वजन पुढे सरकलेलं असतं. ज्यांना आधीपासून कंबरदुखी आहे, आधीच्या बाळंतपणात हा त्रास झालाय, कमरेला पूर्वी मार बसलाय किंवा रोजचं काम अंगमेहनतीचं आहे, त्यांनी दुखायची वाट न पाहता चौथ्या महिन्यापासूनच खालच्या गोष्टी सुरू कराव्यात.

या दुखण्याने बाळाला काही होत नाही, हे मात्र प्रत्येकीला आधी सांगितलं पाहिजे. निम्मी भीती तिथेच जाते.

सूतिका

उत्तम धागा. प्रसूतितज्ज्ञ म्हणून एक गोष्ट सगळ्यांच्या आधी: प्रत्येक कंबरदुखी सांध्याची नसते. पुढच्यांपैकी काही असेल तर व्यायाम, पट्टा, शेक काहीही न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कळ येते-जाते, ठरावीक अंतराने येते, सोबत पोट घट्ट होतं आणि ३७ आठवडे भरलेले नाहीत: मुदतपूर्व कळा असू शकतात. कितीतरी बायकांना या कळा पोटात न जाणवता कमरेतच जाणवतात. पोट लाकडासारखं कडक, दुखणं सलग, सोबत रक्तस्राव (कधी तो बाहेर दिसतही नाही): वार सुटण्याची शंका, तासभरही थांबायचं नाही. एका बाजूला बरगडीखाली दुखतं, थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ: मूत्रपिंडापर्यंत पोचलेला संसर्ग. गरोदरपणात तो झपाट्याने वाढतो. बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद जाणं: कण्यातल्या नसांवर दाब. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं: शिरेत गुठळी.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे निसटतात. शेवटच्या तीन महिन्यांत जांघेत खोल दुखून बाई लंगडायला लागली, तर खुब्याच्या हाडाचा तात्पुरता ठिसूळपणा असू शकतो. त्यात चालत राहिल्याने हाड मोडण्याचा धोका असतो. आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन न वाढणं असेल तर मणक्याचा क्षय डोक्यात ठेवायला हवा.

पाय दुखतोय म्हणजे सायटिका, असंही लगेच म्हणू नये. खरा सायटिका गरोदरपणात फार थोड्यांना होतो. दुखणं गुडघ्याच्या खाली, पावलापर्यंत, मुंग्यांसह जात असेल तरच तिकडे बघायचं. एसआय सांध्याचं दुखणं बहुधा मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वरच थांबतं.

रानजाई

फार उपयोगाचं. एक विचारायचंय. सातव्या महिन्यापासून उकिडवं बसून फरशी पुसायची, म्हणजे बाळंतपण सोपं होतं, असं बहुतेक घरांत सांगतात. योगवर्गातही मलासन आणि फुलपाखरू आसन करून घेतात. यात कुणी काय करावं?

कटिबंध

रानजाई, हाच प्रश्न हवा होता.

काहीच दुखत नसेल तर आधार धरून थोडा वेळ उकिडवं बसायला हरकत नाही. नुसती वरची कंबरदुखी असलेल्यांना उलट बरं वाटतं, कारण कमरेचा बाक उतरतो. पण जांघेच्या हाडावर दुखत असेल तर मांड्या फाकवणारी प्रत्येक गोष्ट बंद: मलासन, फुलपाखरू, बद्धकोणासन, मांडी घालून फार वेळ बसणं, उकिडव्याने फरशी पुसणं. पुसताना तर आणखी वाईट होतं. एका पायावर भार, दुसरा पाय बाजूला, वर हाताने जोर आणि कमरेला पीळ, सगळं एकदम. तिथल्या दोन हाडांमधली फट एरवी ४-५ मिमी असते, गरोदरपणात ती २-३ मिमी वाढते. १० मिमीच्या पुढे गेली तर सांधा उसवला असं धरतात. ताण देऊन ती "मोकळी" करायची काहीच गरज नसते. सासूबाईंशी वाद घालायचा नसेल तर फिजिओकडून फाइलवर तसं लिहून घ्या, लिहिलेलं ऐकलं जातं.

रोजच्या कामांचा नियम एकच: दोन्ही पायांवर सारखा भार आणि दोन्ही गुडघे जोडीने.

कपडे बसून घालायचे, दुखऱ्या बाजूचा पाय आधी. गाडीत किंवा रिक्षात आधी पाठ करून सीटवर बसायचं, मग दोन्ही गुडघे जुळवून एकत्र आत फिरवायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज वळतं. जिना एकेक पायरीने, दोन्ही पाय पायरीवर आणत: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. झाडायला लांब दांड्याचा झाडू, पुसायला उभ्याने मॉप. दोन बादल्यांपेक्षा अर्ध्या भरलेल्या चार खेपा बऱ्या, आणि एका हातात जड पिशवी तर नकोच. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते.

ओट्यापाशी मात्र दोन दुखण्यांचं गणित उलटं होतं. वरची कंबर दुखत असेल तर एक पाय १०-१५ सेंमी उंच पाटावर ठेवून उभं राहायचं आणि दर पाच-दहा मिनिटांनी पाय बदलायचा, आराम पडतो. एसआय किंवा जांघेचं दुखणं असेल तर हा पाट नको, भार एका पायावर जातो. त्यांनी उंच स्टुलावर बसून भाजी चिरावी, पोळ्या लाटाव्यात.

शब्दफुलं

दुचाकीचं काय? मागे एका बाजूला पाय सोडून बसायची सवय असते.

कटिबंध

त्या बसण्यात कंबर सतत पिळलेली राहते आणि गतिरोधकाचा दणका एकाच बाजूला बसतो. वर तोल जाण्याचा धोका. पाय दोन्हीकडे टाकून बसणं तोलाला बरं, पण जांघ दुखत असेल तर तेही सोसत नाही. रिक्षा किंवा बस. लांबच्या प्रवासात तासाभराने उतरून चार पावलं चालायचं.

निद्रापर्व

झोपेबद्दल लिहिते, कारण तक्रारी सर्वांत जास्त रात्रीच्या असतात.

उशी गुडघ्यांमध्ये ठेवायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण बहुतेकजणी छोटी उशी घेतात आणि ती फक्त गुडघ्यांत अडकते. वरचं पाऊल खाली लोंबतं, मांडी आत पिळते आणि कंबर सकाळी आणखी धरते. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हवी आणि इतकी जाड की वरचा पाय खुब्याच्या उंचीला राहील. जुनी रजई घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी बांधली की महागड्या उशीचं काम होतं. पोटाखाली चारपदरी टॉवेल, म्हणजे पोटाचं वजन कमरेला ओढत नाही. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपायचं. डावी-उजवी कुठलीही चालते, कमी दुखणारी बाजू खाली. जाग आल्यावर उताणं सापडलात तर घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं आणि झोपायचं.

वळायची रीत: दोन्ही गुडघे वाकवा, एकमेकांना हलके दाबा, श्वास सोडत खांदे, पोट आणि गुडघे एकदम फिरवा. आधी पाय आणि मग धड असं तुकड्यातुकड्याने वळलं की कळ येते. उठताना कुशीवर या, दोन्ही पाय पलंगाखाली सोडा, हाताने रेटून बसा. उताण्यातून सरळ उठायचं नाही, पोटाच्या मधल्या रेषेवर ताण येतो. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांनी आधी हातापायांवर रांगत्या स्थितीत यावं, मग पलंगाचा किंवा खुर्चीचा आधार घ्यावा.

सुलभासन

आता व्यायाम. काही धोका नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल हे उद्दिष्ट. बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागला की पुरे. दुखणाऱ्यांनी सलग अर्धा तास चालू नये. दहा-दहा मिनिटं तीनदा, पावलं छोटी, वेग कमी.

१. रांगती स्थिती, हात खांद्याखाली, गुडघे खुब्याखाली. श्वास सोडत पाठ हळूच वर गोलाई देऊन ५ सेकंद, मग पुन्हा *सपाट*. मार्जारासनात पोट खाली सोडतात तो भाग गाळायचा, कमरेचा बाक आधीच वाढलेला असतो. १० वेळा, दिवसातून दोनदा.

२. खुर्चीत ताठ बसून श्वास सोडत बेंबीखालचं पोट हलकेच आत. ५-१० सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा. १० वेळा. इथली नेहमीची चूक म्हणजे श्वास कोंडून छाती फुगवणं. मोठ्याने आकडे मोजले की श्वास कोंडता येत नाही.

३. ओटीच्या तळाचे स्नायू: वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, जमेल तितकं, १० सेकंदांपर्यंत. तेवढाच वेळ *पूर्ण* सोडायचं. ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून सराव करू नये. आवळताना कुल्ले आणि मांड्या घट्ट होत असतील तर ताकद चुकीच्या जागी जातेय.

४. भिंतीला पाठ लावून, पाय खांद्याच्या आत, अर्ध्या खुर्चीइतकंच खाली. ५ सेकंद, ८-१० वेळा. खोल बसायचं नाही.

कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडायचा व्यायाम व्हिडिओंत सर्रास दिसतो. एसआय सांध्याला तो चालतो, जांघ दुखणाऱ्यांना बाधतो. पोहणाऱ्यांनी बेडूकपद्धतीची लाथ टाळावी, छातीभर पाण्यात नुसतं चालणं फार छान. उताणं झोपून करायचे व्यायाम २० आठवड्यांनंतर नकोत, गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते.

किती करावं याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं. व्यायामानंतरचं दुखणं रात्रभर राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका. पूर्ण पडून राहिल्याने स्नायू आणखी ढिले पडतात.

मध्यमा

पट्ट्याबद्दल. औषधाच्या दुकानात "प्रेग्नन्सी बेल्ट" मागितला की कित्येकदा सिझरनंतर पोटाला बांधायचा रुंद पट्टा हातात देतात. तो वेगळा. इथे हवा तो अरुंद पट्टा, पोटाच्या *खालून*, मागे दोन खळ्यांच्या खाली आणि बाजूला खुब्यांच्या हाडांवरून जाणारा. उभ्याने किंवा कुशीवर झोपून बांधायचा, दोन बोटं आत जातील इतका घट्ट. मांडीला मुंग्या आल्या, श्वास अडला किंवा जांघेतलं दुखणं वाढलं तर जागा चुकलीय. काम करताना, चालताना घालायचा. बसताना, झोपताना काढायचा.

सुलभासन

मध्यमाताई, पट्ट्यावर माझा थोडा आक्षेप आहे. दिवसभर पट्टा घातला की बायका व्यायाम सोडतात.

कटिबंध

दोघींचंही बरोबर. वर सांगितलेल्या तपासणीत दाबाने पाय हलका झाला तर पट्टा जरूर, नाही झाला तर पैसे घालवू नका. आणि पट्टा व्यायामाच्या जोडीला.

सूतिका

औषधांचं लिहायचं राहिलं. दुखणं असह्य असेल तेव्हा पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन डोसांत किमान सहा तास, कमीत कमी दिवस, आपल्या डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक नकोत. २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं (अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये तसा इशारा दिला), शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. आपल्याकडे धोका असा की अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ही पॅरासिटामॉलसोबत मिसळलेली असतात. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. कंबरदुखीच्या स्प्रे आणि जेलमध्येही डायक्लोफिनॅक असतं.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून *कमरेला* १५ मिनिटं चालते, पोटावर नको. जांघेच्या हाडावर सूज असेल तर कापडात बर्फ, १० मिनिटं. कुशीवर झोपवून हलक्या हाताने मालीश करायला हरकत नाही. "हाड बसवणाऱ्या"कडे नेऊन झटका देणं, पाठीवर पाय देऊन उभं राहणं मात्र बिलकूल नको.

कॅल्शियमने हे दुखणं जात नाही, तरी ते घ्यायचंच: सरकारी पद्धतीनुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर. लोहाच्या गोळीसोबत नाही, दोन तासांचं अंतर, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

खुरपं

शेतावरच्या बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून. खुरपणीत तासन्तास उकिडवं सरकावं लागतं, भात लावणीत कमरेतून वाकून मागे मागे जावं लागतं. काम सुटत नसेल तर खुरपताना वीतभर उंच चौरंगावर बसायचं, अर्ध्या तासाने उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश मागे झुकायचं, पाच वेळा. डोक्यावरचा हंडा, गवताचा भारा आठव्या-नवव्या महिन्यात दुसऱ्याने उचलावा, हे घरच्या पुरुषांना सांगणं आशाताईंच्या हातात आहे आणि त्या सांगतात. दुकानात, कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या दहा आठवड्यांत तिने मागणी केली तर मालकाला कष्टाचं किंवा तासन्तास उभं राहायचं काम देता येत नाही. ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. अर्ज लेखी द्या.

रानजाई

जांघ दुखत असेल तर सिझरच करावं लागतं का?

मध्यमा

नाही. केवळ या दुखण्यासाठी सिझर लागत नाही. पण प्रसूतिगृहात काळजी वेगळी घ्यावी लागते आणि ती आधी ठरवून ठेवायची.

३६-३७ व्या आठवड्यात मोजमाप करा. पलंगाच्या काठावर बसा किंवा मागे रेलून झोपा, पाय गुडघ्यात वाकवा, न दुखता गुडघे जितके बाजूला जातात तितके न्या आणि दोन गुडघ्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर टेपने मोजा. तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. कळा सुरू असताना, विशेषतः पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर, दुखत नसल्याने पाय त्यापेक्षा जास्त फाकवले जातात आणि खरा त्रास बाळंतपणानंतर कळतो. म्हणून तपासणीसकट सगळं त्या अंतराच्या आत करायला सांगायचं. पाय अडकवायचे स्टँड शक्यतो नकोत. टाके घालायला लागलेच तर दोन माणसांनी दोन्ही पाय एकदम उचलायचे, एकदमच खाली आणायचे आणि वेळ कमीत कमी. कुशीवर झोपून, वरचा पाय कुणीतरी धरून, किंवा रांगत्या स्थितीत बाळंतपण होऊ शकतं. तुमच्या दवाखान्यात तशी तयारी आहे का, हे आठव्या महिन्यातच विचारा. जोर देताना पाय नर्सच्या कमरेला रेटायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती स्पष्ट नाकारायची.

शब्दफुलं

धागा साठवून ठेवला. बाळंतपणानंतर हे किती दिवस राहतं?

कटिबंध

बहुतेकींचं पहिल्या काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत उतरतं. तीन महिन्यांनंतरही जिना चढताना कळ येत असेल तर फिजिओकडे जायचं, "अंगावरचं दूध सुटलं की जाईल" म्हणून थांबायचं नाही. श्वास आणि ओटीच्या तळाचे व्यायाम, साधं बाळंतपण असेल तर, बरं वाटेल तसे एक-दोन दिवसांतच सुरू करता येतात.

बाळंतिणीच्या खोलीत तीन गोष्टी कंबर बिघडवतात. पाजताना बाळाकडे वाकणं: मांडीवर उशा रचून बाळ स्तनापर्यंत वर आणायचं, पाठीला टेका, पाय टेकलेले. पाटावर बसून पाय पसरून बाळाला न्हाऊ घालणं: हे काम पहिले तीन महिने दुसऱ्या कुणी करावं, किंवा टेबलावर टब ठेवून उभ्याने. आणि कडेवर घेणं: एकाच बाजूला खुबा बाहेर काढून बाळ टेकवायची सवय एसआय सांध्याला सर्वांत जास्त नडते. बाळ छातीशी, मधोमध, दोन्ही हातांनी धरायचं.

पुढच्या खेपेला हा त्रास परत होण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी पहिलं दुखणं पूर्ण बरं झालेलं असावं, वजन आटोक्यात आलेलं असावं आणि कडेवरचं मूल चालायला लागलेलं असलं तर उत्तमच.